आईचं पाऊल कुठे अडलं?

चप्, फट्. चप्, फट्.

सकाळी नऊच्या सुमाराला स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमधून हा आवाज आला, तेव्हा तेजलला वाटलं, आईच्या चपलेचा पट्टा तुटला. ती बघायला धावली. चप्पल ठणठणीत होती. उजवा पाय नीट पडत होता, पण आई डावा पाय गुडघ्यातून उगाच उंच उचलत होती आणि पाऊल फट्कन जमिनीवर आपटत होतं.

"पाऊल वर उचलतच नाय गं," आई म्हणाली. "फळांचा तोडा करून उठले आन् बघते तर हे असं."

आज नेमकं असं व्हायला नको होतं. चंद्रावर उभारलेल्या काचघरात पहिली स्ट्रॉबेरी लावायला पाच शेतकरी निवडले होते आणि त्यांत महाबळेश्वरच्या डोंगरातली एकच होती, ती म्हणजे तेजलची आई, प्राजक्ता बावळेकर. दिवाळीनंतर यान सुटणार होतं. त्यासाठी तिनं चार महिन्यांत नऊ किलो वजन उतरवलं होतं, आवडीचा चहासुद्धा बिनसाखरेचा केला होता. तब्येतीचा शेवटचा कागद आज दुपारी बारापर्यंत जायचा होता.

तेजलनं आरोग्य केंद्रात कळवलं. पाचव्या मिनिटाला केंद्राचा यंत्रमानव चाकांवर डुलत हजर झाला. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, गावानं मात्र त्याला 'तपास्या' करून टाकलं होतं.

"काम?" तपास्यानं विचारलं.

"शेती," आई म्हणाली.

तपास्यानं तिच्या पायावरून दिवा फिरवला. "एका बाजूचं पाऊल अचानक लुळं. पक्षाघाताची, म्हणजे मेंदूचा रक्तपुरवठा अडल्याची शंका. साताऱ्याहून गाडी मागवली आहे, चाळीस मिनिटांत येईल. चांद्रशेतीसाठी शेरा: अपात्र. शेरा बारा वाजता पाठवला जाईल."

आई मटकन बांधावर बसली. तिच्या वडिलांना पक्षाघातच झाला होता.

"कुणाचं पाऊल आपटत होतं रे?" शेजारच्या पडवीतून खणखणीत आवाज आला. ते नाना गोळे होते. नानांनी चाळीस वर्षं चेतासंस्थेचे डॉक्टर म्हणून काम केलं होतं. आता त्यांना डोळ्यांनी फक्त उजेड आणि सावली कळायची, पण कान असे तिखट की वाटेवरून कोण चाललंय ते ते चपलांवरून ओळखत.

तेजलनं एका दमात सगळं सांगितलं.

"गाडी येतेय ते उत्तम," नाना म्हणाले. "ती आली की निघायचं, एक मिनिट थांबायचं नाही. तोवर आपण बघून घेऊ. माझे डोळे तू. तुला जे दिसतं ते मला सांगायचं, वाटतं ते नाही. जमेल?"

"जमेल," तेजल म्हणाली.

आईला पडवीत बाकावर बसवलं. नानांनी कपाटातून लाकडी दांड्याची, रबरी डोक्याची एक हातोडी काढून मांडीवर ठेवली.

"आधी एक सांग. तुमच्या शेतात एका वाफ्याला पाणी पोचलं नाही, तर तू काय करतेस? टाकी फोडतेस?"

"छे! ठिबकच्या नळीबरोबर चालत जाते. पाणी कुठपर्यंत येतंय आणि कुठून येत नाही, ते बघते. अडलेलं असतं ते त्या दोन्हींच्या मधे."

"मग चेतांची तपासणी तुला येतेच की! मेंदू ही टाकी. तिच्यातून मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून उतरणारा जाड दोर) निघतो. त्याला फुटतात चेता (हुकूम खाली नेणाऱ्या आणि खबर वर आणणाऱ्या बारीक दोऱ्या). हुकूम कुठपर्यंत पोचतोय ते शोधू. चल, टाकीपासून."

नानांनी सांगितलं तसं तेजलनं आईला दात दाखवायला लावले, डोळे घट्ट मिटायला लावले. दोन्ही बाजू सारख्या. डोळ्यांनी बोटाचा माग काढायला सांगितला, तोही नीट. मग आईनं डोळे मिटून दोन्ही हात समोर धरले, तळवे वर. तेजलनं दहा आकडे मोजले. एकही हात खाली घसरला नाही.

"आता तिला आधी स्वतःच्या नाकाला आणि मग तुझ्या बोटाला हात लावू दे. बोट हलवत राहा. नेम लहान मेंदू सांभाळतो."

आईचा नेम एकदाही चुकला नाही. उलट तिसऱ्या वेळी तिनं लेकीचं नाकच हलकेच चिमटीत धरलं. सकाळपासून पहिल्यांदाच दोघी हसल्या.

"आता हातोडी. गुडघ्याच्या वाटीखाली, हलकेच."

टक्! आईची तंगडी झटकन पुढे आली. दुसरीही तशीच. घोट्यामागच्या शिरेवर टकटक केल्यावर दोन्ही पावलं सारखीच खाली झुकली.

"ही प्रतिक्षिप्त क्रिया (मेंदूला न विचारता होणारी हालचाल)," नाना म्हणाले. "खबर कण्यापर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम परत येतो. म्हणजे तेवढी नळी वाहतेय. आता पाऊल. तुझा हात तिच्या तळव्याला लाव. प्राजक्ता, दाब!"

"बाप रे! जोर पुष्कळ आहे."

"आता वर उचलायला सांग."

पाऊल हललं नाही. तळवा आतल्या बाजूला वळला, बाहेरच्या बाजूला वळेना. तेजलनं मग कापसाचा बोळा फिरवला. पोटरीच्या आतल्या बाजूला आणि तळव्याला आईला स्पर्श नीट कळत होता. नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या वरच्या बाजूला मात्र ती म्हणाली, "इथं जाड कापडावरून फिरवल्यागत वाटतंय."

"आता तूच सांग, कुठं अडलंय?" नाना म्हणाले.

ती विचार करत बोलू लागली. "टाकी बरी आहे. मोठी नळी बरी आहे. खाली दाबणारी शाखा चालू, वर उचलणारी बंद. म्हणजे या दोन शाखा जिथं वेगळ्या होतात, त्याच्या पुढं अडलंय. नाना, त्या कुठं वेगळ्या होतात?"

"गुडघ्याच्या मागे, जरा वर," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा फुलला होता. "वर उचलणारी शाखा तिथून गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला वळते. तिथं खाली एक हाडाचा गोटा लागेल, त्याच्या मानेला ती वेढा घालते. अगदी कातडीखाली. बोटानं टिचकी मार."

तेजलनं टिचकी मारली.

"आई गं! पावलापर्यंत मुंग्या गेल्या!" आई ओरडली.

"सापडलं!" तेजल उडीच मारणार होती, पण थांबली. "पण नळी दाबली कशानं? इथं कुठला दगड?"

तिनं वाफ्यांकडे पाहिलं. सरीच्या ओल्या मातीत आईच्या चवड्यांचे खोल ठसे ओळीनं उमटले होते. तेजल तिथल्या तिथं उकिडवी बसली. गुडघा पुरता दुमडला आणि तो गोटा मांडी-पोटरीच्या मधे आवळला गेला.

"आई, किती तास बसतेस तू अशी?"

"चंद्रावर जायच्या आधीचं शिक्षण, कागदपत्रं... वेळ कुठाय? म्हणून आठ दिवस तोडा एकटीनंच उरकतेय. पहाटे पाचपासून. मधे उठलं की परत बसायला जिवावर येतं, म्हणून उठतच नाय."

"आणि नऊ किलो वजन उतरवलंस," नाना म्हणाले. "चेतेवरची चरबीची उशीच गेली, बाई."

तेजल कमरेवर हात ठेवून तपास्याकडे वळली. "तू काम विचारलंस. बसते कशी, ते विचारलंच नाहीस!"

तपास्यानं दिवे दोनदा मिचकावले. "मी ज्या शेतांवर शिकलो, तिथे स्ट्रॉबेरी उंच टेबलांवर असते आणि माणसे उभ्याने तोडतात. उकिडवे बसणे माझ्या माहितीत नाही."

"मग आता घे माहितीत," नाना म्हणाले. "आणि या चेतेची वीज मोजून बघ."

तपास्यानं आईच्या पायाला चिकटपट्ट्या लावल्या. गोट्याच्या खालून सोडलेला संदेश झटकन स्नायूला पोचला. गोट्याच्या वरून सोडलेला मात्र तिथं येऊन जवळजवळ विझला.

"चेता तुटलेली नाही, दाबली गेली आहे," तपास्या म्हणाला. "शेरा बदलत आहे. अपात्र नाही. तीन महिन्यांनी फेरतपासणी."

आईनं तेजलला जवळ ओढलं आणि मग कुठं तिच्या डोळ्यांना धार लागली.

गाडी आली. नानांनी तरीही तिला साताऱ्याला पाठवलंच. "आपण बरोबर असू, तरी खात्री दुसऱ्यानं करावी," ते म्हणाले. संध्याकाळी तिथल्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं.

पावलाला आधाराची पट्टी आली, व्यायाम आला, उकिडवं बसणं बंद झालं. तेजलनं चांद्रशेतीच्या कचेरीला पत्र लिहिलं: काचघरातले वाफे कमरेइतके उंच करा. उत्तर आलं की नकाशा बदलला आहे. तपास्या तर आता सर्दीच्या रोग्यालाही म्हणतो, "काम करताना कसे बसता ते दाखवा." लोक वैतागतात, पण दाखवतात.

ज्येष्ठात एका संध्याकाळी नाना पडवीत बसले होते. तेजल त्यांच्या पायाशी बसून चंद्र वर येताना पाहत होती. वाटेवर पावलं वाजली.

चप्, चप्. चप्, चप्.

नानांनी मान तिरकी करून पुष्कळ वेळ ऐकलं.

"कोण आहे, नाना?" तेजलनं विचारलं.

"ओळखलं नाही बुवा," नाना हसू दाबत म्हणाले. "दोन्ही पाय सारखे पडतायत."