इस्त्रीसाहेबांचे कीबोर्ड

कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला की माणूस कळतो. गंमत म्हणून सांगत नाही. आमची कंपनी औषधांच्या बाटल्यांची झाकणं बनवते, आणि तिच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर, प्रिंटर, माउस आणि त्यांची दुखणी माझ्या गळ्यात आहेत. माझं नाव तिथे कोणी घेत नाही. सगळ्यांसाठी मी 'सपोर्ट'. "सपोर्ट, इकडे ये गं जरा." "सपोर्टला बोलवा, पुन्हा लटकलं."

यातली निम्मी दुखणी घाणीची असतात. खरेदी विभागातल्या एकाचा कीबोर्ड आपटला की बिस्किटांचा चुरा, डोक्यातला कोंडा आणि दातांनी कुरतडलेली नखं पडतात. त्याच्या शेजारच्या बाईंच्या माउसवर क्रीम आणि मळ यांचा असा थर बसतो, की खरवडला तर मेणासारखा गुंडाळत येतो. कुणी च्युइंगम चघळून केबलच्या खोबणीशेजारी चिकटवून ठेवतं, नंतर पुन्हा चघळायचं असल्यासारखं. आणि वर तोंड करून सगळ्यांचं एकच पालुपद : "मी काहीच केलं नाही, आपोआप झालं." पासवर्ड आपोआप विसरतो, अपडेट आपोआप अडकतं, कॉफी आपोआप सांडते. माणसं कॉम्प्युटरला शिव्या देतात. मला कॉम्प्युटरचा राग येत नाही. तो बिचारा माणसांच्या अंगाखाली पडलेला असतो.

अख्ख्या इमारतीत एकाच टेबलापाशी मी हातमोजे न घालता जायचे. डिस्पॅचमधले एक गृहस्थ, निवृत्तीला आलेले, उंच, किडकिडीत. शर्टाच्या बाह्यांवरची घडी अशी की तिच्यावर बोट कापावं. त्यांना सगळे इस्त्री म्हणत, तोंडावर इस्त्रीसाहेब. कामाला बसण्याआधी ते हात धुऊन येत, स्वतःच्या फडक्याने टेबल पुसत आणि ते फडकं चार घड्या घालून खणात ठेवत. टेबलावर कधी चहाचा कपसुद्धा नाही. त्यांचा कीबोर्ड आपटला तर फार तर चिमूटभर धूळ.

म्हणून त्यांचा फोन आला तेव्हा मला जरा बरंच वाटलं.

"जरा येऊन जाता का?" ते हळू आवाजात म्हणाले. "आणि... कुणाला बोलू नका."

स्पेसचं बटण दाबलं की वर येत नव्हतं. मी चिमट्याने ते उचकटलं आणि हात मागे घेतला. खाली पिवळट, बुळबुळीत थर होता. त्यात बारीक पांढरे केस रुतले होते, आणि कातडीचे पापुद्रे. आंबूस वास आला. तापात पडलेल्या माणसाच्या उशीला येतो तसा.

इस्त्रीसाहेबांचे कान लाल झाले. "मी इथे काही खात नाही हो," ते म्हणाले. "तुम्ही बघताच ना."

"कुणीतरी दुसरं वापरत असेल," मी म्हणाले, आणि खरंच तसंच मानलं. नवा कीबोर्ड त्यांच्यासमोर खोक्यातून काढून दिला.

दोन दिवसांनी तोही चिकटला. मी तिसरा दिला आणि सांगितलं, "संध्याकाळी हा खणात ठेवून कुलूप लावा. किल्ली माझ्याकडे द्या." सकाळी कुलूप मी स्वतः उघडलं. कीबोर्ड कोरा करकरीत होता. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्या बटणांच्या कडांना काळपट कीट चढलं होतं.

अशा गोष्टी लपत नाहीत. डिस्पॅचमध्ये हसाहशी सुरू झाली. "इस्त्री वरून, आतून बोळा," असं कुणीतरी म्हणालं आणि ते वाक्य मजलाभर फिरलं. शेजारच्या मुलीने आपली खुर्ची सरकवून घेतली. इस्त्रीसाहेबांनी सगळं मूग गिळून ऐकलं आणि दिवसातून चारदा असलेलं हात धुणं आठदा केलं.

मला त्यांची कीव आली आणि स्वतःचा रागही. एवढं साधं कारण सापडू नये? एका सकाळी मी सरळ त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. सांगितलं की सॉफ्टवेअर तपासायचं आहे. नवा कीबोर्ड, माझ्या हाताने पुसलेला. ते टाइप करत राहिले. बोटं कोरडी, स्वच्छ, नखं कापलेली. मी बटणांवरून नजर हलवली नाही.

थोड्या वेळाने बटणं चमकायला लागली. वरून काही पडत नव्हतं. माणसाच्या कपाळावर घाम येतो तसं ते फटींमधून येत होतं, आधी दव, मग तेल. बोट उचललं की चप्प असा बारीक आवाज व्हायचा, ओठ सुटतात तसा. इस्त्रीसाहेबांनी हात वर घेतले आणि माझ्यापुढे धरले.

हात कोरडे होते.

मी उठले, बाथरूममध्ये गेले आणि बेसिनला धरून उभी राहिले.

त्याच आठवड्यात अंगठ्याच्या मशीनची तक्रार आली. दारात हजेरीसाठी एक मशीन लावलं आहे. काचेवर अंगठा टेकवला की पडद्यावर तुमचा फोटो येतो आणि आतली बाई म्हणते, "नोंद झाली." ते मशीन हा माझ्या डोक्याला कायमचा ताप. कुणी ओला अंगठा लावतं, कुणी तेलकट, एक जण तर अंगठा चाटून लावतो. मी फडकं घेऊन गेले. रांग खोळंबली होती आणि रांगेच्या तोंडाशी इस्त्रीसाहेब उभे होते. एकामागून एक दहाही बोटं त्यांनी लावून पाहिली. बाई म्हणत राहिली, "कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"बघू," मी म्हणाले आणि त्यांचा अंगठा हातात घेतला.

त्याच्यावर रेषा नव्हत्या. एकही नाही. सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत आणि तसाच गार. मनगटावर केस नव्हते. मी वर पाहिलं. गालावर दाढीची खूण नव्हती, डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या गेल्या होत्या, पण त्यामुळे ते तरुण दिसत नव्हते. पुसल्यासारखे दिसत होते.

"हल्ली दाढी करावी लागत नाही," ते म्हणाले. "घामसुद्धा येत नाही. बायको म्हणते, शर्ट धुवायला काढू तरी कशाला, जसाच्या तसा परत येतो." ते हसायला गेले, पण चेहरा फारसा हलला नाही.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"ते म्हणाले, इतकी निरोगी त्वचा या वयात पाहिली नाही."

एचआरच्या बाईंकडे मी स्वतः गेले. त्यांनी पडद्यावरून मान वर केली नाही. "सिस्टिममध्ये ते गैरहजर आहेत."

"अहो, पण ते बसलेत तिथे. चला, दाखवते."

"मला दाखवून काय उपयोग? मशीनला दाखव. हे सपोर्टचं काम आहे."

मी परत आले तेव्हा इस्त्रीसाहेब दारातच थांबले होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "मी आलोय ना? तुम्हाला दिसतोय ना मी?" थट्टेचा स्वर नव्हता. इतक्या वर्षांत एकदाही उशिरा न आलेला माणूस तो.

"आलात हो," मी म्हणाले. "मी बघते काय ते."

त्यांचा त्या दिवसाचा कीबोर्ड मी माझ्या खोलीत आणला. आधीचे कोपऱ्यात एका खोक्यात पडले होते, भंगारात जायचे होते. दार लावून घेतलं, हातमोजे घातले आणि बटणं काढायला लागले.

थर आता बोटाच्या पेराएवढा झाला होता. रंग मात्र बदलला होता. कीट राहिलं नव्हतं. गव्हाळ, जिवंत रंग होता. त्यात केस पडलेले नव्हते, ते उभे होते. सकाळी दाढी केलेल्या गालावर संध्याकाळी फुटतात तसे, सगळे एका दिशेने. मी चिमट्याचं टोक त्याला लावलं. तो भाग आक्रसला.

नंतर वाटलं, डोळ्यांचा भास असेल. मी हातमोजा काढला. का काढला, ते आजही सांगता येत नाही. बोट टेकवलं.

ऊब होती. अंगाची असते तेवढीच.

मी फडक्याने बोट खसाखसा पुसलं, फडक्यानेच तो कीबोर्ड झाकला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी ओरडलं, "सपोर्ट, मशीनची काच पूस गं, कुणाचाच अंगठा लागत नाहीये!" मी तेच फडकं उचललं आणि गेले. डोकं ठिकाणावर नव्हतं. काचेवर फडकं ठेवून दाबलं.

"नोंद झाली," बाई म्हणाली.

पडद्यावर फोटो होता. कडक कॉलर, डोळ्यांच्या कोपऱ्यांत सुरकुत्या.

मी फडकं काढलं. पुन्हा ठेवलं.

"नोंद झाली."

मागे वळले. इस्त्रीसाहेब माझ्या पाठीशीच उभे होते. कधी आले, पावलं वाजली नव्हती. पडद्यावरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे ते ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसं पाहत राहिले.

"झाली ना?" ते म्हणाले. "मग झालं."

एचआरच्या बाई खूश झाल्या. "बघ, मनात आणलं की होतं," त्या म्हणाल्या. "काय केलंस?"

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"राहू दे. जे केलंस तेच रोज करत जा."

आणि मी केलं. यापेक्षा घाणेरडं काम मी आयुष्यात केलेलं नाही. रोज सकाळी खोक्यातला वरचा कीबोर्ड फडक्यात धरून दारापर्यंत न्यायचा, काचेला टेकवायचा, परत आणायचा. त्याचा ओशट ओलावा हातमोज्यातूनही कळायचा. घरी माझं जेवण कमी झालं. नवरा म्हणाला, "नोकरी सोड हवं तर." "आणि लोकांना काय सांगू, कशाला सोडली?" मी म्हणाले.

इस्त्रीसाहेब यायचे, टेबलाशी बसायचे. मी त्यांना पुन्हा कीबोर्ड दिला नाही आणि त्यांनी मागितला नाही. हात मांडीवर ठेवून ते काळ्या पडद्यासमोर बसून राहायचे. शर्टावर एक चुणी नाही. कुणाच्या काही लक्षात आलं नाही. उलट शेजारच्या मुलीने खुर्ची पुन्हा जवळ आणली. म्हणाली, "आता कसं, अगदी स्वच्छ वाटतं."

मग एके दुपारी त्यांची बायको आली. ठेंगणी, भरल्या अंगाची, केस घाईत बांधलेले. माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"तुम्ही सपोर्ट ना? यांचे जुने कीबोर्ड तुमच्याकडे असतात म्हणे."

"हो काकू. पण ते भंगारात जायचेत. फार घाण आहेत."

"बघू का?"

मी खोकं पुढे ओढलं आणि नाकाला रुमाल लावला. दिवसेंदिवस ते जड होत चाललं होतं. काकूंनी झाकण उघडलं. मला वाटलं आता ओरडतील, मागे सरतील. त्या गुडघ्यांवर बसल्या, चेहरा खोक्यात घातला आणि श्वास आत घेतला. बराच वेळ तशाच राहिल्या. चेहरा वर काढला तेव्हा गाल तेलकट झाला होता आणि डोळे भरले होते.

"हेच," त्या म्हणाल्या.

मी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"घरी रोज कुणीतरी येतं," काकू म्हणाल्या. "हात धुतं, ताटावर बसतं, रात्री शेजारी झोपतं. सकाळी बघावं तर चादरीला सुरकुती नाही. उशीला वास नाही." त्यांनी गाल पुसला नाही. "इतक्या वर्षांचा संसार, पोरी. माणसाचा घाम ओळखू येतो की नाही?"

कंपनीचं सामान बाहेर द्यायचं नसतं. मी खोकं उचललं आणि त्यांच्या मागून निघाले. पोटाशी धरल्यावर त्याची ऊब कपड्यांतून लागत होती. आवारात त्यांची छोटी गाडी उभी होती. मागच्या सीटवर इस्त्रीसाहेब आधीच येऊन बसले होते, ताठ, कपाळ खिडकीच्या काचेला टेकवून. बाहेर गारठा होता. काचेवर त्यांच्या श्वासाची वाफ नव्हती.

काकूंनी पुढचं दार उघडलं. "इथे ठेवा," त्या म्हणाल्या. "हळू."

मी खोकं ड्रायव्हरशेजारच्या सीटवर ठेवलं आणि बाजूला झाले. काकूंनी वाकून ती सीट मागे सरकवली, उंच माणसाला पाय पसरता येतील इतकी. मग पट्टा ओढला आणि खोक्याभोवती घेऊन खटकन लावला.

"घट्ट नाही ना झाला?" त्यांनी विचारलं.

मागे वळून नव्हे, खोक्याकडे बघून.