मोमोची वायर

"अजून मोठ्याने लाव," कसाव्याचे कंद सोलता सोलता आजी, म्हणजे बूबू म्हणाली.

केलेराने फोनवर बोट फिरवलं आणि चर्चमधलं गाणं पार नीरफणसाच्या झाडापर्यंत पोचलं. कानाने अधू झालेली आजी चक्क मान डोलवायला लागली, आणि उनाइसीच्या पोटात दुखायला लागलं.

तिच्याकडेही अगदी असाच फोन होता. त्यात गेल्या वर्षी वारलेल्या आजोबांचं होडीचं गाणं होतं, जे दुसरीकडे कुठेच नव्हतं. पण कंपनीने आवाजाला लगाम घातलेला. बूबू फोन कानाला चिकटवून म्हणायची, "नुसती गुणगुण येते गं." आणि सुट्टीला राजधानीहून, सुवाहून आलेली ही मावसबहीण मात्र रोज बूबूला गाणी ऐकवणार!

"मोमोने माझ्या फोनचं कंपनीचं कुलूप तोडलं," केलेरा म्हणाली. "नको ती ॲप गेली, आवाजाची मर्यादा गेली, आपल्या भाषेचा कीबोर्ड आला. तुझा अजून कंपनीच्या ताब्यात?"

"दुपारपर्यंतच. सकाळी मोमोकडे ठेवून आले ना मी, तुझ्यासमोर."

मोमो म्हणजे मामा, दोघींच्या आयांचा भाऊ विली. लेवुकाच्या बाजारात त्याचं फोनदुरुस्तीचं दुकान होतं.

केलेराने एकदम गाणं बंद केलं. ते बघून तिथेच बसलेल्या शेजारच्या आर्तिकाच्या कपाळाला आठी पडली.

"केलेरा, नाताळचे फोटो दाखव ना. आपण होडीतून पडलो ते."

"नंतर."

"कालही नंतरच म्हणालीस."

"बॅटरी कमी आहे."

आर्तिकाने उनाइसीला बाजूला ओढलं. "आठ दिवसांत हिने एकही जुना फोटो दाखवलेला नाही. आणि हिची आई शांतिसेनेत गेल्यापासून हिला तिचे निरोप ऐकल्याशिवाय झोप येत नव्हती. या वेळी एक तरी निरोप ऐकलास?"

उनाइसीने सरळ केलेरासमोर जाऊन विचारलं, "कुलूप तोडताना काय गेलं?"

केलेरा कसाव्याच्या सालींकडे बघत राहिली. "सगळं. आईचे निरोपसुद्धा. फोन कोरा झाला."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्याकडे आजोबा होते. माझ्याकडे आईचा आवाजसुद्धा उरला नव्हता. वाटलं, हिचंही जाऊ दे."

उनाइसीला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. पण आठवडाभर आपण रोज मनातल्या मनात केलेराचा फोन समुद्रात बुडवत होतो, तेही तिला आठवलं.

"रडायचं ते नंतर," ती म्हणाली. "आधी पळ."

दुकानात तीन गिऱ्हाइकं खोळंबली होती. मोमोच्या एका हातात रोटी, एका कानात गाणी. उनाइसीचा फोन वायरने संगणकाला जोडलेला, आणि पडद्यावर प्रश्न उमटलेला: पुढे जायचं?

"मोमो, थांब. त्यातलं सगळं पुसलं जाईल."

"काही जात नाही गं. असल्या धमक्या कंपन्या देतच असतात. मी तर वाचतही नाही." त्याचं बोट बटणाकडे निघालं.

समजावण्यात वेळ गेला असता. उनाइसीने हात पुढे केला. "मोमो, ही वायर मला आवडली. दे."

गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. बहिणीच्या लेकराने, वासूने, मोमोकडे काही मागितलं की 'नाही' म्हणायचं नसतं. चारचौघांत तर नाहीच नाही.

"विली, वासूने मागितलीय," गिऱ्हाइकांतली एक बाई म्हणाली. "दे गुमान."

मोमोने सुस्कारा सोडला, वायर उपसली आणि भाचीच्या हातावर ठेवली. "आता मी काम कशाने करू?"

"माझ्या वायरने. पण आधी केलेराचा फोन बघ."

केलेराने रिकामा फोटोसंग्रह उघडून त्याच्यासमोर धरला. मोमोने कानातलं काढलं, रोटी खाली ठेवली.

"बोलली का नाहीस, पोरी?"

"तू इतका खूश होतास."

मग त्याने आजोबांच्या गाण्याची एक प्रत संगणकावर घेतली आणि एक केलेराच्या फोनवर टाकली. "आता तोडू तुझं कुलूप?" त्याने उनाइसीला विचारलं.

"पुढे बिघडला तर कंपनी दुरुस्त करून देईल?"

"नाही. कदाचित कंपनीकडून फोनच्या सुधारणाही यायच्या बंद होतील."

"मग राहू दे. एक उघडा, एक बंद. दोन्हींत आजोबा."

संध्याकाळी केलेराने गाणं लावलं तेव्हा बूबूची सुरी हातातच थांबली. "इथे त्याचा सूर नेहमी घसरायचा," ती हसत डोळे पुसत म्हणाली. "विली, तुझ्यापेक्षा या तिघी शहाण्या आहेत."

"कबूल," मोमो म्हणाला. दुकानावर नवी पाटी लागली होती: आधी प्रत, मग कुलूप.

तेवढ्यात केलेराचा फोन वाजला. आईला तिने सगळं सांगून टाकलं होतं, आणि तिचा नवा निरोप आला होता. बूबूने केलेराला जवळ ओढलं.

उनाइसीच्या पोटात अजून थोडं दुखलंच. पण वायर तिच्या खिशात होती, आणि उद्या मोमो ती मागायला येणार होता.