‘पाठमोरी’चा शेवटचा शॉट

रेवदंड्याचा पूल ओलांडल्यावर विनायक अजिंक्यांनी गाडी थांबवायला लावली आणि शहाळं घेतलं. पाणी प्यायले, मलई खरवडून खाल्ली, मग रुमालाने एकेक बोट पुसलं. सत्त्याहत्तराव्या वर्षीही आपली बोटं थरथरत नाहीत याचा त्यांना अभिमान होता. कॅमेरा धरणाऱ्याची बोटं आहेत ही, असं ते भेटेल त्याला सांगत.

सोनल त्यांची जुनी विद्यार्थिनी. हल्ली ती त्यांच्या आयुष्यावर माहितीपट करत होती. बरंचसं चित्रण झालंही होतं. गिरगावातली खोली, जाहिरात कंपनीतली नोकरी, आणि चाळीच्या जिन्यासमोर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कॅमेरा लावून केलेला पहिला लघुपट. त्या लघुपटाला लोक हसले होते. मग ‘पाठमोरी’ आला, आणि त्यानंतर अजिंक्यांना कोणी हसलं नाही.

‘पाठमोरी’ त्यांनी एकोणऐंशी साली मुरुडजवळच्या एका मोहल्ल्यात केला. त्यात गोष्ट नव्हती, संवाद नव्हते. मच्छीमाराच्या घरातला एक दिवस, एवढंच. शेवटी कासम नावाचा तरुण होडी घेऊन निघून जातो आणि त्याची बायको किनाऱ्याच्या पुळणीवर पाठमोरी बसून वाट बघते. कॅमेऱ्याच्या मॅगझिनमधली फिल्म संपेपर्यंत तो शॉट तोडलेला नाही. बाई वळत नाही, होडी येत नाही, कॅमेरा हलत नाही. कासम त्या दिवशी खरोखरच परतला नव्हता हे लोकांना मागाहून समजलं, आणि शॉटला भलतंच वजन आलं. परदेशातल्या महोत्सवांत प्रेक्षक दिवे लागल्यावरही उठत नसत. चित्रपटशाळांत तशा शॉटला ‘अजिंक्य शॉट’ म्हणू लागले. दोन पिढ्यांच्या दिग्दर्शकांनी आपापली माणसं समुद्राकडे, खिडकीकडे, डोंगराकडे तोंड करून बसवली.

स्वतः अजिंक्यांनी पुन्हा समुद्र चित्रित केला नाही. भिंती, जिने, रिकाम्या खोल्या. समीक्षकांनी याला वैराग्य म्हटलं. त्यांनी म्हणू दिलं.

“सर, एक सांगायचं राहिलं,” गाडी काशीदच्या चढाला लागली तशी सोनल म्हणाली. “‘पाठमोरी’ची साफ करून नवी प्रत काढलीय ना, तिच्यात शेवटचा शॉट थोडा लांब झालाय.”

“लांब कसा होईल? फिल्म संपली होती.”

“तेच म्हणते मी. लॅबमधले लोक शपथेवर सांगतात की त्यांनी काही जोडलं नाही. निगेटिव्हवर आहे तेवढंच स्वच्छ केलंय म्हणतात.”

“वेगात फरक पडला असेल,” अजिंक्य म्हणाले, आणि खिडकीबाहेर सुरूची झाडं बघत राहिले.

मुरुडला त्यांची सोय खलीलच्या लॉजवर होती. खलील म्हणजे कासमचा मुलगा. ‘पाठमोरी’त तो आहे. आईच्या शेजारी वाळूत शिंपले मांडत बसलेलं तीन वर्षांचं पोर. मोठेपणी तो बरीच वर्षं कुवेतला राहिला, आणि परत येऊन त्याने नारळाच्या वाडीत हे लॉज बांधलं. नव्या प्रतीचा पहिला खेळ इथे, त्याच माणसांसमोर व्हावा, ही कल्पना सोनलची होती. खलीलने लगेच होकार दिला होता.

“या सर. प्रवास ठीक झाला ना? तुम्हाला समोरची खोली ठेवलीय. पलंगावरून दर्या दिसतो.”

“मागची द्या.”

“मागे नुसती विहीर आणि भिंत आहे, सर.”

“चालेल.”

खलीलने चावी बदलून दिली.

जेवण झाल्यावर सोनलने लॅपटॉपवर शेवटचा भाग लावला. अजिंक्य चष्मा सारखा करून बसले. हा शॉट त्यांना पाठ होता. ओढणीचं टोक कधी उडतं, ढगाची सावली पुळणीवरून कधी सरकते, सगळं. प्रत स्वच्छ झाली होती. बाईच्या ओढणीची वीण दिसत होती. ते समाधानाने मान हलवणार, एवढ्यात वाळूतलं पोर उठलं. त्याने हात झटकले, समुद्राकडे एकदा बघितलं आणि चौकटीबाहेर निघून गेलं.

“थांबव. मागे घे.”

सोनलने मागे घेतलं. पोर पुन्हा उठलं.

“हे मूल उठत नाही,” अजिंक्य म्हणाले.

“उठतं की, सर. आम्हाला वर्गात तुम्हीच शिकवलंत. मूल कंटाळून जातं, बाई राहते. त्यावर मी निबंध लिहिला होता.”

त्यांनी तिच्याकडे बघितलं. ती थट्टा करत नव्हती. लॅपटॉपमधून वाऱ्याचा आवाज येत होता. तो त्यांनी मुंबईच्या स्टुडिओत मागाहून घातलेला होता. पण त्याखाली आणखी एक आवाज होता. बारीक, एकसुरी घरघर. चालू कॅमेऱ्याची. त्या दिवशी ध्वनिमुद्रणाचं कोणतंही यंत्र त्यांनी पुळणीवर नेलं नव्हतं.

“बंद कर,” ते म्हणाले.

चार वाजायच्या सुमारास अमिरुन्निसा आली. कासमची बायको. सुती साडी, डोक्यावरून पांढरी ओढणी, हाडं रुंद, चालणं ताठ. सोनलने कॅमेरा उचलला. अजिंक्य उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले.

“वळकलंत?” म्हातारीने विचारलं.

“हो, म्हणजे...”

“कसं वळकाल? तोंड कवा बघितलंत माजं? पाठ दावली तर वळकाल.”

सोनल हसली. खलील हसला नाही.

“अम्मीने पिक्चर कधी बघितलाच नाही,” तो म्हणाला. “लोकांनी सीडी आणून दिली, मोबाइलवर पाठवला. नको म्हणायची.”

“येकटीनं काय बघायचं?” अमिरुन्निसा खुर्चीत बसत म्हणाली. “ज्यानं बघितलंय त्याच्यासंगती बघायचं.” मग अजिंक्यांना म्हणाली, “माजे खाविंद पिक्चरचे लई शौकीन. तंबूत खेळ आला की दोन-दोनदा जायाचे. तुमी म्हनलात, कासमभाई, तुमची होडी पडद्यावर दिसंल. वारा बरोबर न्हवता. सगल्यांनी होड्या वर वढून ठेवलेल्या. तरी ते निघाले. नवी लुंगी नेसून निघाले.”

“जायचा निर्णय त्यांचा होता,” अजिंक्य म्हणाले. हे वाक्य त्यांनी अनेक मुलाखतींत उच्चारलं होतं. ते घासून गुळगुळीत झालं होतं.

“व्हय,” ती म्हणाली. “जायचा त्यांचा.”

लॉजच्या जेवणघरात खलीलने पडदा टांगला होता आणि खिडक्यांना जाड चादरी लावल्या होत्या. मोहल्ल्यातली माणसं येऊन बसू लागली. अमिरुन्निसा उठून सगळ्यांत पुढच्या खुर्चीवर बसली. मग तिने खलीलकडून आणखी एक खुर्ची मागवली आणि ती आपल्या मागे, जरा डाव्या अंगाला ठेवायला सांगितली.

“साहेब, तुमी हितं. तवा हितंच तुमच्या कॅमेऱ्याची तिपाई हुती.”

अजिंक्यांना नाही म्हणता आलं असतं. सोनलचा कॅमेरा चालू होता. ते बसले.

चित्रपट सुरू झाला. पहिला बराच वेळ सगळं नीट होतं. लोक आपापली माणसं ओळखत होते, मेलेल्यांची नावं घेत होते. जाळी विणणारा एक म्हातारा पडद्यावर आला तसा मागून कोणीतरी हुंदका दिला. अजिंक्यांचे खांदे सैल झाले. किती चांगलं काम केलं होतं आपण, असं त्यांच्या मनात आलं. त्या वयात, तेवढ्याशा साधनांत.

मग कासम हसत होडीत चढला, आणि शेवटचा शॉट आला.

पडद्यावर पुळणीवर बसलेल्या तरुणीची पाठ होती. पडद्यापुढे खुर्चीवर बसलेल्या म्हातारीची पाठ होती. अजिंक्य बसले होते तिथून एक दुसरीवर बरोबर बसत होती. ओढणी तीच, मानेचा कल तोच.

पोर उठून गेलं. ढगाची सावली सरकली.

शेवटची फ्रेम त्यांना माहीत होती. डावीकडून वरच्या कोपऱ्यात एक पांढरा पक्षी शिरतो, आणि फिल्म संपते. पक्षी शिरला. पंख न हलवता आडवा गेला, सगळं आकाश ओलांडून उजवीकडे बाहेर पडला. तो कुठे गेला ते अजिंक्यांनी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं.

शॉट चालूच राहिला.

भरतीचं पाणी बाईच्या पायांशी आलं. कॅमेऱ्याची घरघर वाढली. आणि मग आवाज आला. तो पडद्यावरून आला की पुढच्या खुर्चीवरून, हे त्यांना सांगता आलं नसतं.

“साहेब, तुमच्या भिंगातनं दिसतंय का वो काय?”

हा प्रश्न त्यांनी एकदा ऐकला होता. त्या दिवशी कॅमेऱ्यावर सगळ्यांत लांब पल्ल्याचं भिंग होतं. पुळणीवरच्या कोणाच्याही नुसत्या डोळ्यांना जे दिसणं शक्य नव्हतं ते त्यात दिसत होतं. फिल्मवर न उतरणाऱ्या अगदी कडेला, खडकापलीकडे उपडी झालेली होडी. तिला बिलगलेला माणूस. त्याने वल्ह्याला लुंगी बांधून ते वर धरलं होतं. वल्हं खाली जाई, पुन्हा वर येई. मागे माडांखाली मोहल्ल्यातले पुरुष बसले होते, ओढून ठेवलेल्या होड्यांना टेकून. एक हाक पुरली असती. पण हाक मारली की ती माणसं धावत येणार, चौकटीत शिरणार. उजेड असा पडला होता की तसा पुन्हा मिळणार नाही. आणि मॅगझिनमध्ये फिल्म अजून शिल्लक होती.

“येतोय,” पडद्यावरून एका तरुण, शांत, किंचित कावलेल्या माणसाचा आवाज म्हणाला. “हलू नका.”

अजिंक्यांनी मान वळवून बघितलं. कोणीही दचकलं नव्हतं. सोनल कौतुकाने पडद्याकडे बघत होती. मग तिने टाळ्या वाजवायला सुरुवात केली. इतरांनीही वाजवल्या.

“सर,” ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “तो पक्षी येतो आणि संपतं, तेव्हा अजूनही काटा येतो बघा अंगावर.”

त्यांच्यासाठी काही संपलं नव्हतं.

खलीलने खिडक्यांवरच्या चादरी काढल्या. उन्हाचे पट्टे आत आले. त्याने पडदा सोडवला आणि गुंडाळला. मागे चुन्याची भिंत असायला हवी होती. तिथे समुद्र होता. खडक होता. खडकापलीकडे एक बारीक ठिपका वरखाली होत होता.

माणसं चहाकडे गेली. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले.

अजिंक्यांनी उठायचा प्रयत्न केला. बोटं हलली नाहीत. तोंड उघडलं, शब्द आला नाही.

अमिरुन्निसा तशीच पाठमोरी बसून होती. ती वळली नाही. वळायची तिला गरज नव्हती.

“हलू नका,” ती हळूच म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, पक्षाघाताचा झटका आहे. अलिबागच्या एका दवाखान्यात त्यांना ठेवलं. डोळे उघडे होते, कान शाबूत होते, बाकी काहीच चालत नव्हतं. मुंबईला इतक्यात हलवू नका, असं सांगितलं गेलं. घरचं म्हणावं असं कोणी नव्हतंच. सोनल दोन-चार दिवसांआड येई, उशाशी बसून माहितीपटाचं काय चाललंय ते सांगे. शेवट फार उत्कट झालाय, असं म्हणाली. आपल्याच कलाकृतीसमोर कोसळलेला कलावंत. सांगताना तिला रडू आलं.

अमिरुन्निसा मुरुडहून एसटीने येई. येताना डब्यात काहीतरी असे, ते ती नर्सना वाटून टाकी. मग स्टूल उचलून पलंग आणि खिडकी यांच्या मधोमध ठेवी आणि अजिंक्यांकडे पाठ करून बसे. परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत तशीच.

“आजी, तुम्ही यांच्या कोण?” शिवानी नावाच्या नर्सने एकदा विचारलं. ती सलाइन बदलत होती.

“कोन न्हाय. मुरुडास आलेले, तवाची वळख.”

“आणि एवढा वेळ खिडकीतून काय बघत असता? समोर तर नुसती भिंत आहे.”

“मी कुटं बघतेय, बाये?” अमिरुन्निसा म्हणाली. “बघतायत ते.”

शिवानीने वळून अजिंक्यांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांच्या कडा टिपल्या आणि ऊन लागेल म्हणून पडदा ओढून घेतला.

पडद्यावरही समुद्रच होता. अजिंक्यांना पापणी मिटून उपयोग नव्हता, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं होतं. मिटल्यावर उलट अधिक स्वच्छ दिसे. सुरुवातीला तो ठिपका होता. मग उपड्या होडीची पाठ दिसू लागली, मग बिलगलेला माणूस, मग वल्हं आणि त्याच्या टोकाशी फडफडणारं कापड. म्हातारी येऊन गेली की चित्र थोडं जवळ सरके. गेल्या खेपेला लुंगीवरच्या निळ्या चौकड्या ओळखू येत होत्या.

आज होडी सुलटी झाली होती. वल्हं वर उचललेलं नव्हतं. ते पाण्यात होतं, आणि कासम घाई न करता, सरळ त्यांच्याकडे बघत, वल्हवत होता.