घोट्याएवढा बुडखा

मोजणीबाई तोडलेल्या झाडाच्या बुडख्याला टेप लावत होती, तेवढ्यात कुणीतरी येऊन खुशाल त्यावरच बसलं आणि डबा उघडू लागलं.

"उठा. मोजतेय मी."

"झाड तर गेलं... आता उरलेलं काय मोजता?" तोडणीचा मुकादम हसला. हसताना त्याच्या दाढीतला लाकडाचा भुसा हलला — हे तिनं उगाचच पाहिलं.

"तुमची माणसं गुडघाभर बुडखा तसाच सोडतात. सगळ्यात जाड लाकूड... तुम्हाला बसायला."

टोळी फिदीफिदी हसली. मुकादमाचे कान लाल झाले, पण तो उठला.

शाळांच्या छतांसाठी तुळया हव्या होत्या. या उतारावरचं लाकूड पुरणार नाही म्हणून वनखात्याच्या साहेबांनी मागच्या उतारावरच्या झाडांवरही तोडणीच्या खुणा केल्या होत्या. तिथली झाडं मुकादमाच्या वडिलांनी लावलेली. तो याबद्दल चकार शब्द काढत नसे. तिला टोळीकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं करवत मागितली. गुडघे टेकून, घामाघूम होत एका उभ्या झाडाला घोट्याएवढ्या उंचीवर काप घेतला.

"बुडाशी दगड असतात, धार जाते," तो म्हणाला.

"मग आधी दगड काढू."

त्यानं वाकून पहिला दगड उचलला.

मग रोजचंच झालं. खोड फुटू नये म्हणून तो वारा आणि कल पाहून झाड खाली अंथरलेल्या मऊ फांद्यांवर पाडायचा. ती खडूनं खोडाचा बाक दाखवायची — इथे कापा, म्हणजे पुढची सरळ लांबी वाया जात नाही. कापावरून वाद व्हायचे. खडू देता-घेता बोटं लागायची... वाद मध्येच थांबायचा.

शेवटच्या दिवशी साहेबांनी तुळया दोनदा मोजल्या. हव्या तेवढ्या सगळ्या भरल्या होत्या, आणि याच उतारावर अकरा झाडं अजून उभी होती.

"मागच्या उतारावरच्या खुणा पुसून टाका," साहेब म्हणाले. टोळीनं शिट्ट्यांनी डोंगर दणाणून सोडला.

खुणांवर रंग फासायला दोघंच गेले.

"पुढचं काम कुठे?" त्यानं विचारलं.

"पलीकडच्या जंगलात. साहेब म्हणाले, हवा तो मुकादम घेऊन जा."

"मग... मिळाला कोणी?"

"एक आहे. वाद फार घालतो."

"कामापुरताच हवाय?" त्याचा आवाज एकदम खाली आला.

तिनं ब्रश डब्यात ठेवला. "नाही. जन्मभर वाद घालायला."

हसू त्याच्या चेहऱ्यावर मावेना. "आई महिनाभर विचारतेय... मोजणीबाईला घरी कधी आणणार म्हणून."

"मग चल ना," पहिल्यांदाच 'तुम्ही' विसरून ती म्हणाली, "थांबलायस कशाला?"