उजवीकडे कललेला बूट

ती दुकानात शिरली ती आपली स्की विकायला. आणि त्याने तिचं स्वागत केलं ते अर्ध्या तोंडाने, कारण उरलेलं अर्धं सुजून टम्म झालं होतं.

दुकान तळ्याला इतकं खेटून होतं की मोठी लाट आली की मागच्या दाराने मासे आत यायचे आणि भाव विचारून परत जायचे. तळ्यावरची माणसं तरी असंच सांगतात. भिंतीवर पाण्यावरच्या स्की ओळीने टांगलेल्या, रबराचा आणि ओल्या दोराचा वास, खिडकीतून आलेलं पाण्यावरचं ऊन छतावर हलत असलेलं. टेबलाशी तो. सगळे त्याला बूटवाला म्हणत. एका हातात पेचकस, दुसऱ्या हाताने गालाला ओला रुमाल.

"खालची, डावी, अगदी शेवटची," ती म्हणाली.

"अं?"

"अक्कलदाढ. उद्या सकाळी दवाखान्यात या, काढून टाकू."

"तुम्ही दातांच्या डॉक्टर?"

"नाही, ज्योतिषी. अक्कल उशिरा येतेय, म्हणून दुखतेय, एवढं कुंडलीत दिसतंय."

त्याला हसू आलं. हसताना दाढ कळवळली. तळ्यावर पुढे जे घडलं, त्याचा पहिला आवाज असा होता— अर्धं हसू, अर्धं विव्हळणं.

तिने काखेतली स्की टेबलावर ठेवली. स्लालमची, म्हणजे पाण्यावर नागमोडी वळणं घेत जायची, एकच लांब स्की, दोन्ही पाय एकामागे एक ठेवायची. वर रबराचे जुने मऊ बूट, त्यातला पुढचा फाटलेला.

"हा फाटला कसा?"

"दोन उन्हाळ्यांपूर्वी पडले. मागचा पाय सुटला, पुढचा अडकून राहिला, आणि स्की फिरली..." तिने डावा घोटा किंचित वर केला. "आत स्क्रू आहेत. विमानतळावर आधी त्यांना ओळखतात, मग मला. आईनं सांगितलंय, ही बया घरातून जाऊ दे."

त्याने स्कीच्या कडेवरून बोट फिरवलं. कड एकाच जागी झिजली होती. अशी कड फक्त खूप खोल, खूप तिरकं वळणाऱ्या माणसाची झिजते. त्याच्या हातून शेकडो स्की गेल्या होत्या, पण अशी कड त्याने पाहिली नव्हती. 

"स्की विकू नका," तो हळूच म्हणाला. "बूट बदला."

"मग असा बूट द्या, जो मला कधीही सोडणार नाही."

"असा बूट वैऱ्यालासुद्धा देऊ नये, डॉक्टरीणबाई. वळणात घट्ट धरेल आणि पडताना सोडेल, असा हवा." त्याने कडक कवचाचे बूट काढून दाखवले. बाहेरून टणक, आत मऊ अस्तर, आणि दोन्ही बूट एकाच पट्टीवर बसवलेले. "पडलात तर पट्टीच स्कीवरून निघते. दोन्ही पाय एकदम सुटतात. एक इकडे, एक तिकडे, ही भानगडच नाही."

"ते लाल छान आहेत."

"ते तुम्हाला एक माप मोठे. नाकापेक्षा मोती जड."

"अहो, पण तुम्ही माझं माप कधी घेतलंत?"

"दारातून आत आलात तेव्हाच." आणि मग कानापर्यंत लाल होत, "पायाचं! पायाचं म्हणतोय मी."

शेवटी करड्या रंगाचा जोड ठरला. टाच मागे चपखल. सरळ उभं राहिलं की अंगठा पुढे टेकायचा, गुडघा वाकवला की नखभर मागे यायचा. कडक बूट असाच बसायला हवा. मग त्याने जमिनीवर जुनी गादी टाकली, स्की दोन ठोकळ्यांत अडकवली आणि दोराचं हँडल तिच्या हातात देऊन पुढे ओढलं. पकड जास्त होती, पट्टी हलली नाही. थोडी सैल केली, पुन्हा ओढलं. पुढच्या खेपेला 'खाट्' असा आवाज होऊन पट्टी सुटली. ती गादीवर आणि दोर ओढणारा तो उताणा, सरळ भिंतीवरच्या स्कीच्या अंगावर.

"पकड बरोबर लागली," तो खालूनच म्हणाला.

"कुणाची?" ती म्हणाली, आणि हसत सुटली.

राहिलं होतं अस्तर. ते ओव्हनमध्ये तापवायचं, गरम असतानाच बुटात बसवायचं, त्यात पाय घालायचा आणि गार होईपर्यंत पाण्यावर असल्यासारखं गुडघे वाकवून उभं राहायचं. पाय जसा असेल तसाच ठसा अस्तर कायमचा धरून ठेवतं.

"हलायचं नाही," त्याने बजावलं.

"हे मला सांगताय? दिवसभर लोकांच्या तोंडात माप घ्यायची माती कोंबून मी हेच तर बोलत असते."

तो स्की धरून तिच्या उजवीकडे स्टुलावर बसला. आणि बोलणं सुरू झालं.

ती म्हणाली, माणसं आरशासमोर हसतात तेव्हा खरे दात दाखवत नाहीत. तो म्हणाला, त्याची मावशी मोटरबोट इतकी सरळ चालवते की तिच्यामागून मासे रांगेत पोहायला शिकले. ती म्हणाली, "थापा मारू नका." तो म्हणाला, "एकदा बसून बघा बोटीत." असं एकेक वाक्य झालं की तिची मान उजवीकडे वळायची. मानेमागून खांदा गेला, खांद्यामागून कंबर, आणि शेवटी गुडघा. सूर्यफूल वळतं ना, तशी, तिच्या नकळत.

त्याला ते दिसत होतं. 'समोर बघा', एवढंच म्हणायचं होतं. ते त्याचं कामच होतं. त्याने तोंड उघडलं... आणि बाहेर आलं, "पंखा लावू?"

विचारलं आणि लगेच पस्तावला. पंख्याने अस्तर लवकर गार झालं असतं. नशीब, ती नको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने त्याची दाढ काढली. त्या आठवड्यात ती तळ्यावर उतरली.

मावशीच्या बोटीमागे दोर ताणला गेला आणि ती पाण्यातून वर आली. तिला पाहून किनाऱ्यावरची माणसं बोलता बोलता थांबली. तळ्यात दोन्ही बाजूंना तीन-तीन बोये, म्हणजे खुणेचे फुगे, तरंगत होते. एकदा इकडच्या बोयाला वळसा, एकदा तिकडच्या. उजवं वळण आलं आणि ती पाण्यावर अक्षरशः आडवी झाली. खांदा लाटेला लागला, मागे घराएवढी पाण्याची भिंत उभी राहिली, तिच्यातून ऊन आरपार आलं. ती भिंत कोसळायला इतका वेळ लागला की दरम्यान एका बगळ्याने तिच्यावर बसून विश्रांती घेतली म्हणतात. बूटवाल्याने तोंडावर हात ठेवला. देवळातही तो असा कधी गप्प झाला नव्हता.

आणि मग डावं वळण आलं. स्की वळेचना. हट्टी खेचरासारखी ताठ राहिली, ती डगमगली आणि पडली.

पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. उजवीकडे आश्चर्य, डावीकडे आपटी. रविवारी संघाची निवड होती. सगळे बोये पार झाले तर संघात, नाहीतर स्की कायमची बंद, असं ती आईजवळ कबूल करून बसली होती. शुक्रवारी तिने बूट आणून त्याच्या टेबलावर ठेवले.

"बूट चांगले आहेत हो," ती म्हणाली. आवाज कोरडा. "मीच घाबरते. डाव्या वळणालाच तेव्हा पडले होते ना... डोकं पुढे जातं, पाय ऐकत नाही. भित्री झालेय मी. एकदा मान्य केलं की बरं वाटेल."

तो पुसलेलाच पेचकस पुसत राहिला. ती निघून गेली.

मावशी दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली, पुढच्या बुटातलं अस्तर उपसून काढलं आणि टेबलावर उभं केलं. अस्तर सरळ उभं राहीना. उजवीकडे कललं, अगदी कुणी हाक मारल्यासारखं.

"हा पाय कुणाकडे बघत होता रे?"

त्याने पेचकस खाली ठेवला.

"त्या पोरीला वाटतंय, आपलं काळीज फाटलंय. आणि तुला माहीत आहे, काय वाकडं आहे ते. दाढ काढली तिने, दातखीळ नव्हती बसवली! जा!"

तो अस्तर घेऊन धावत गेला. पण दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो थांबला. खरं सांगायचं म्हणजे दोन्ही सांगावं लागणार होतं. आपण काम बिघडवलं हे, आणि का बिघडवलं तेही.

आत खुर्चीत एक पेन्शनर आजोबा तोंडात मापाची माती घेऊन बसले होते. तिचा एक हात त्यांच्या हनुवटीवर.

"नंबर लावा," ती मागे न बघता म्हणाली.

"तुम्ही भित्र्या नाही," तो धापा टाकत म्हणाला आणि अस्तर पुढे केलं. "हे बघा. हे कललंय. असल्या बुटात डावं वळण कुणालाच घेता येणार नाही. तुम्ही तो घालून बोयापर्यंत तरी कशा पोचलात, याचंच मला नवल वाटतंय."

तिने अस्तर पाहिलं. मापं घेण्यात तिचा जन्म चालला होता, तिला समजावून सांगावं लागलं नाही. "मी हलले," ती पुटपुटली. "मी... उजवीकडे बघत होते."

"हो."

"आणि तुम्हाला दिसत होतं?"

"हो."

"मग 'समोर बघा' असं म्हणायला काय झालं होतं?"

"अं! अं!" आजोबांनी डोळे मोठे करून त्याला खूण केली— बोल लेका.

"म्हटलं असतं तर तुम्ही समोर बघितलं असतं," तो म्हणाला. "तुम्ही माझ्याकडे बघत होतात... मला ते थांबवता आलं नाही."

 तिच्या डोळ्यांत आधी पाणी आलं, कारण ती भित्री नव्हती. मग राग आला. "माझा घोटा पुन्हा गेला असता!"

"माहीत आहे. म्हणून तर आलोय. हवं तर बूट दुसऱ्याकडून बसवून घ्या. मी परत हात लावणार नाही."

तिने आजोबांच्या तोंडातून माप काढलं. माप सुंदर आलं होतं.

"सोनं आहे पोरगं," आजोबा तोंड पुसत म्हणाले. "थोडं वाकडं आहे, पण तापवून सरळ करता येईल."

संध्याकाळी ओव्हन पुन्हा तापला. अस्तर मऊ झालं, जुना ठसा विरघळला. तिने बुटात पाय घातला, गुडघे वाकवले.

"मी बाहेर थांबू?" तो म्हणाला. "म्हणजे परत..."

"बाहेर थांबलात तर दाराकडे बघेन. तुम्ही जिथे असाल तिकडे माझा पाय वळतो, एवढं अजून कळलं नाही? समोर उभे राहा. अगदी नाकासमोर."

तो समोर उभा राहिला. या वेळी कुणी थापा मारल्या नाहीत. ती त्याच्याकडे बघत राहिली, तो तिच्याकडे. छतावरचं ऊन हलायचं थांबलं. अस्तर केव्हाच गार होऊन गेलं, तरी दोघांपैकी कुणी ते बोलेना. शेवटी मावशीनेच बाहेरून बोटीचा भोंगा वाजवला.

रविवारी बूटवाला बोटीत मावशीशेजारी पाठमोरा बसला, दोराकडे तोंड करून. उजवं वळण झालं, भिंत उठली. मग डावं आलं. ती आत शिरली आणि लोण्यात सुरी फिरावी तशी वळली. इतकी खोल, की क्षणभर तिची सावली तिच्याही वर होती. दोन्हीकडच्या भिंती एकदम उभ्या राहिल्या आणि मधल्या पाण्याच्या गल्लीतून ती येत राहिली, शेवटचा बोया ओलांडून. बूटवाल्याचे डोळे वाहत होते. त्याने ते पुसले नाहीत, पुसताना एक वळण चुकलं असतं.

"बस?" मावशीने हात उंचावून विचारलं.

तिने मानेनेच नाही म्हटलं. दोर आखूड करा, म्हणजे वळणं आणखी अवघड, अशी हाताने खूण केली.

आखूड दोरावर डाव्याच वळणाला ती पडली, पूर्ण वेगात. पाणी उसळलं आणि सगळं त्यात गेलं. स्की एकटीच वर आली. बूटवाला बोटीत ताडकन उभा राहिला...

आणि मग पाण्यातून दोन करडे बूट वर आले. एकाच पट्टीवर, जलपरीच्या शेपटीसारखे जोडलेले. मागोमाग तिचं डोकं, आणि आरशासमोर कुणी कधी हसत नाही असं हसू.

"दोन्ही सुटले!" ती ओरडली. "दुखत नाहीये! काही म्हणजे काही दुखत नाहीये!"

तो काहीतरी बोलला.

"काय? मोटरमुळे ऐकू येत नाही!"

तो पुन्हा बोलला, जीव एकवटून, आणि नेमकं त्याच क्षणी मावशीने मोटर बंद केली.

"तू मला आवडतेस!"

 किनाऱ्यावरची माणसं, निवड करणारी मंडळी, सगळी जागच्या जागी. समोरच्या डोंगराने शब्द झेलले आणि परत पाठवले. एकदा, आणि पुन्हा एकदा.

ती पाण्यावर तरंगत ऐकत राहिली. "डोंगर दोनदा म्हणाला," ती म्हणाली. "तू एकदाच?"

तो पुन्हा म्हणाला. डोंगरानेही म्हटलं. आणि नंतर जो आवाज तेच शब्द घेऊन आला, तो डोंगराकडून आला नव्हता. तो पाण्यातून आला होता, दम लागलेला, हसणारा, आणि त्याच्याच दिशेने पोहत येणारा.