बाबागाडीतली मागची जागा

रोहित, गाडी द्यायला माझी ना आहे, पण का ते आधी ऐकून घे. लाइट यायला अजून वेळ आहे. हा दिवा तुझ्याकडे सरकवतो. फक्त त्या कोपऱ्यातल्या गाडीला पाय लावू नकोस.

धाकटी झाली तेव्हा रुद्र नुकता धावायला लागला होता. हर्षालीचं म्हणणं, दोघांना मिळून एकच बाबागाडी घेऊ, म्हणजे मला एकटीला दोघांना बागेत नेता येईल. कॉलेज रोडच्या दुकानात गेलो. शेजारी-शेजारी बसायची गाडी आमच्या लिफ्टमध्ये मावणारी नव्हती. एकामागे एक बसायची होती, पण तिची मागची जागा आडवी होत नव्हती, आणि तान्ह्या बाळाला बसवणार कसं? "मॅडम, उशी लावा ना," दुकानदार म्हणाला. हर्षालीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा निमूटपणे सायकली दाखवायला लागला.

मग कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर देवळाली कॅम्पचा पत्ता पाठवला. लष्करातल्या एका साहेबांची बदली झाली होती. उरलेलं सामान विकायचं काम त्यांच्या कामवाल्या फुलाबाईंकडे होतं. शनिवारी दुपारी मी रुद्रला घेऊन गेलो. घर रिकामं. बंद खोल्यांतून डांबरगोळ्यांचा आणि बाळाच्या पावडरीचा वास येत होता. लांब रेंजवर तोफांचा सराव चालू होता. प्रत्येक आवाजाला खिडक्यांच्या काचा थरथरायच्या आणि मग पुन्हा सगळं गप्प व्हायचं.

गाडी व्हरांड्यात होती. अगदी हवी तशी. पुढे बसायची जागा, मागे आडवी, मऊ गादीची. आणि त्या गादीवर कुंची घातलेलं बाळ झोपलेलं.

मी आवाज खाली आणला. "बाळ झोपलंय वाटतं…"

"वरवंटा हाय तो," फुलाबाई म्हणाल्या.

खरंच वरवंटा होता. बारशाला पाळण्यात आधी ठेवतात ना, तसाच, कुंचीत गुंडाळलेला. मला हसू आलं. "राहू द्या तुम्हालाच. आमच्याकडे मिक्सर आहे."

"दादा, तुमचं बाळ निजवस्तवर राहू द्या त्याला तिथं. मागली जागा रिकामी नका ढकलू."

आमची आईही रिकामा पाळणा हलवू देत नाही. पण अंबडच्या कंपनीत दिवसभर मशीनशी डोकं लावणारा माणूस मी. चाकं असलेल्या गाडीला कसला आलाय पाळण्याचा नियम? मी वरवंटा उचलून पायरीवर ठेवला, रुद्रला पुढे बसवलं आणि गाडी ढकलत फाटकाकडे निघालो. फुलाबाईंनी पदर तोंडावर घेतला.

रस्ता सपाट होता, तरी गाडी मागे ओढत होती. ब्रेक अर्धवट लागला असेल म्हणून मी वाकून पाहिलं. ब्रेक मोकळा होता.

"बाबा, हळू," रुद्र म्हणाला. "बाळ झोपलंय."

"आपलं बाळ घरी आहे, राजा."

"ते नाही…"

तेवढ्यात तोफ उडाली. रुद्र दचकला नाही. त्याने हात मागे नेला आणि रिकाम्या गादीवर हळूहळू थोपटायला लागला.

घरी हर्षाली जाम खूश झाली. गादी धुतली, वाळवली आणि धाकटीला मागे निजवलं. थोड्या वेळाने पाहिलं तर पोर एका कडेला सरकलेली, गाल कडेला टेकलेला. मधे आणून ठेवली, तरी पुन्हा कडेलाच. "शेजारी कुणाला जागा करून दिल्यासारखी झोपते बघ," हर्षाली हसत म्हणाली. मीही हसलो.

मग धाकटीचं दूध तुटलं, चार घोट पिऊन तोंड फिरवायची. डॉक्टरांकडे वजन केलं तर घटलेलं. सगळ्या तपासण्या झाल्या, सगळ्या ठीक. पुढच्या खेपेला वजन आणखी कमी. इकडे गाडी मात्र उंबरठ्यावरून उचलताना मला गुडघा लावावा लागायला लागला. आम्ही धाकटीला गाडीत ठेवणं बंद केलं, तरी फरक पडेना. रोहित, खरं सांगतो, मी बाथरूममध्ये जाऊन रडलो. पोर हातातून चालली होती, आणि कुणाकडे चालली होती ते कळत नव्हतं.

मी पुन्हा देवळालीला गेलो. घराला कुलूप होतं. फुलाबाई मागच्या खोलीच्या दारात बसल्या होत्या.

"मेमसाबला दुसरं बाळ व्हायचं हुतं," त्या म्हणाल्या. "लय हौस. आधीच गाडी आणली. मोठ्याला पुढं बसवायच्या आन् मागली जागा रिकामी… रोज फिरवायच्या. दुसरं बाळ काही घरी आलं नाय. तरीबी फिरवायच्या."

"मग?"

"मग ती जागा रिकामी राहिली नाय."

गाडी जाळू का, असं मी विचारलं. त्यांनी जोरजोरात मान हलवली. "जागा मोडली तं ते कुठं जाईल? तुमच्या बाळाच्याच कुशीत शिरंल. तुमच्या घरचा वरवंटा घ्या. तुमच्या पोरीची कुंची घाला. आन् पुन्हा उचलू नका."

बारशासाठी आई मनमाडहून आली होती, वरवंटा घेऊनच. मी सगळं सांगितल्यावर तिने वरवंट्याला धाकटीची कुंची घातली, मागच्या जागेवर निजवला आणि दुपारभर गाडी हलवत अंगाई म्हणत बसली. म्हणता म्हणता तिचा आवाज एकदम थांबला. तिने हात झटकन मागे घेतला आणि गाडी आपली आपण हलत राहिली. त्याच वेळी आतल्या खोलीत धाकटी भुकेने ओरडली. चार घोट नाही, पोटभर प्यायली. बारसं थाटात झालं, तू जेवायला होतास.

म्हणून गाडी देत नाही. तू वाईट वाटून घेऊ नकोस. त्या जागेवरून तो दगड हलला तर काय होईल, हे मला पाहायचं नाही. तुझ्या घरी तर मुळीच नाही.

आता म्हणशील, दगडाला घाबरतोस. गेल्या महिन्यात आईने धाकटीला मोठी कुंची शिवली, जुनी डोक्याला बसेना म्हणून. शिवता शिवता ती उठली, कोपऱ्यात गेली, गाडीत वाकून कुंचीचा बंद ओढून पाहिला. परत येऊन मला म्हणाली, "कापड आणखी आण. त्यालाही होत नाही."