दहा टक्क्यांच्या पुढं

हे खरं आहे.

ज्याला पटत नाही त्यानं इथंच थांबावं. खाली येऊन "लिहिता छान हो दादा" असलं काही टाकू नये. आधीच सांगतो, ही गोष्ट सांगताना माझं डोकं फिरतं.

आणि भुतं रात्री बारालाच येतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? ही भरदुपारची गोष्ट आहे. लातूर, मे महिना, साल २००२. बाहेर डांबर वितळत होतं.

माझी सख्खी आत्या, सौदामिनी, तेव्हा एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. क्लासचं नाव सांगत नाही. दहावीचं गणित आणि विज्ञान. किल्लारीच्या भूकंपाला नववं वर्ष चालू होतं आणि लातुरात गल्लोगल्ली क्लास निघाले होते.

क्लासचे मालक राघवेंद्र सर. बोर्डावर फोटो त्यांचा. पण शिकवायचे ते गुरुपादप्पा सर.

गुरुपादप्पा सर किल्लारीकडच्या एका गावचे. भूकंपात त्यांचं घर गेलं होतं, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्यावर ते कधी बोलले नाहीत. गणित सांगायच्या आधी खडूनं फळ्यावर दोनदा ठोकायचे.

टक... टक.

"लिहा."

मग अख्खा हॉल चिडीचूप.

पेपर सर हातानं लिहायचे आणि आत्या मराठी फॉन्टमध्ये टाईप करायची. सरांच्या प्रत्येक गणितात एक माणूस असायचं. पार्वतम्मा विहिरीतून बादली ओढायची. अमृतराव बैलगाडी हाकायचा. पंढरी शिडीवर चढायचा. एकदा आत्यानं एक नाव चुकीचं टाईप केलं, तर सर खुर्ची ओढून शेजारी बसले.

"बाई, आकडा चुकला तर चालंल. पोरं सुधारून घेतील. नाव तेवढं चुकवू नका."

आत्याला वाटलं, म्हातारा चक्रम आहे.

फेब्रुवारीत सर गेले. झोपेतच.

मे महिन्यात राघवेंद्र सर म्हणाले, "मॅडम, ही गावठी नावं काढून टाका. पालक हसतात हो. यज्ञेश, उर्वी, शिवांश, अशी घाला काहीतरी. आणि खाली ते 'संकलन : गुरुपादप्पा' आहे ना, तिथं माझं नाव."

आत्यानं केलं. कॉम्प्युटरला सांगायचं, हे नाव शोध आणि त्या जागी ते टाक. एका दुपारी गाव बदललं. जुन्या फाइली डिलीट. रिसायकल बिनही रिकामा, "जागा होईल" म्हणून. हातानं लिहिलेले कागद कपाटासकट रद्दीत गेलेच होते. आणि छापलेले पेपर? ते दुसऱ्या क्लासच्या हाती लागू नयेत म्हणून पोरांकडून त्याच दिवशी परत घ्यायचे आणि वर्षाखेरी गच्चीवर जाळायचे. ही तिथली रीतच होती.

म्हणजे कुठंच काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कपाळाला विभूती, हातात कापडी पिशवी. गुरुपादप्पा सरांची बायको, मल्लम्मा.

"म्याडम, सरांच्या एका पेपराची कापी पायजे व्हती."

"कोणता पेपर, काकू?"

"ज्येच्यात वर्षाराणी हाय."

आत्याला आठवलं. प्रश्न चौदावा. वर्षाराणी जत्रेत फुगे वाटते.

"आमची लेक," मल्लम्मा म्हणाली. "आठ वर्साची व्हती. त्या पहाटं मातीत गेली. घर गेलं, फोटू गेला, साळंचं रजिस्टरबी गेलं. मी रडाया लागले की सर म्हनायचे, रडू नगं. वर्षी लातूरच्या पोरांफुडं बसलीया. सगळं गाव बसवलंय म्या पेपरात. एकाचंबी नाव सोडलं न्हाई."



काल दुपारी तिनं सगळं गाव पुसलं होतं. चहा पीत पीत.

तेवढ्यात केबिनमधून राघवेंद्र सरांचा आवाज आला. "पेपर क्लासची मालमत्ता आहे. बाहेर देत नाही. या तुम्ही काकू."

मल्लम्मा गेली नाही. खाली जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली.

आत्या तशी शांत बाई. पण त्या दिवशी तिच्या मस्तकात तिडीक गेली. राग राघवेंद्र सरांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. हुकूम त्याचा असेल, बोट तर माझंच होतं ना, असं ती अजून म्हणते.

तिनं कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या सिद्धेश्वरला बाहेरच्या टेबलावरून फोन लावला.

"डिलीट केलेलं परत येतं का रे?"

"येतं की ताई. डिलीट केलं म्हंजे पुसलं जात न्हाई, नुसता पत्ता जातो. माल डिस्कवरच पडून राहतो. मी संध्याकाळी येऊन काढून देतो. फक्त एक करा... डिफ्रॅग करू नका. त्यात मशीन सगळ्या फाइली उचलून एकाला एक लावतं. रिकाम्या जागेवर दुसरं आणून बसवतं. मग ब्रह्मदेव आला तरी न्हाई निघायचं."

आत्यानं फोन ठेवला आणि आत वळली.

राघवेंद्र सर तिच्या खुर्चीवर बसले होते. स्क्रीनवर रंगीत चौकोन भराभर सरकत होते.

"मशीन लई स्लो झालंय तुमचं. उद्यापासून ॲडमिशन आहेत. डिफ्रॅग लावलं."

"थांबवा ते, सर!"

"का?"

तिनं का ते सांगितलं. ओरडूनच सांगितलं. सर हसले.

"मेलेल्या माणसांच्या नावावर क्लास चालवायचा का मी?"

सात टक्के... आठ... नऊ...

आत्या माउसकडे झेपावली. सरांनी माउस उचलून धरला.

आणि तेव्हा, शेजारच्या हॉलमधून...

टक... टक.

सुट्टी चालू होती. हॉलला कुलूप होतं. किल्ली आत्याच्या कमरेला होती.

स्क्रीनवरचे चौकोन थांबले. एक ओळ आली. डिस्कवरचा मजकूर बदलला आहे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

शून्य टक्के.

हे डिफ्रॅग करताना होतंच. मागं कुणी काही लिहीत असेल, एखादी फाईल सेव्ह होत असेल, तर ते पुन्हा शून्यावर जातं. त्यामुळं सरांना काही वाटलं नाही. त्यांनी बाकी सगळं बंद केलं.

सात... आठ... नऊ...

टक... टक.

मग डिस्क खरखरली. कुणीतरी घाईनं लिहावं तशी.

मजकूर बदलला आहे. शून्य टक्के.

"कोण करायलंय हे?" सर ओरडले. त्यांनी कीबोर्डची वायर उपटली.

आठ... नऊ...

टक... टक.

शून्य.

त्यांनी माउस उपटला. इंटरनेटसाठी लावलेली फोनची वायर उपटली. प्रिंटरचीसुद्धा. आता त्या डब्याला वीज आणि स्क्रीन सोडून काहीच जोडलेलं नव्हतं. लिहिणार कोण आणि कशानं?

नऊ टक्के...

आत्या सांगते, त्या वेळी तिला भीती वाटली नाही. तिला बरं वाटलं. ती मनात म्हणत होती, ठोका सर. ठोका अजून.

टक... टक.

राघवेंद्र सर आत्याकडून किल्ली हिसकावून हॉलकडे धावले. आत्या मागोमाग. कुलूप उघडलं. आत दोनशे बाक आणि पांढरा उजेड. फळा कोरा. खडूचा तुकडासुद्धा नाही. कोणीच नाही.

पण पुढच्या बाकांपासून मागच्यापर्यंत प्रत्येक बाकावर धूळ पुसलेली होती. महिनाभर बंद हॉलात एकेका बाकावर माणूस बसेल एवढी जागा स्वच्छ.

तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंग. हॉलमधले पंखे बंदच होते, पण रस्त्यावरचे कूलर थांबले आणि एकदम सगळं गप्प झालं.

त्या शांततेत ऑफिसातून आवाज येत होता...

डिस्क चालू होती.

स्क्रीन काळी. हिरवा दिवा विझलेला. यूपीएस तर मार्चमध्येच मेला होता. आणि आत डिस्क लिहीत होती. खर्रर्र... कट कट... खर्रर्र...

राघवेंद्र सरांचा चेहरा राखेसारखा झाला. "फेका ते मशीन," एवढंच म्हणाले आणि जिना उतरून गेले. पायरीवर बसलेल्या मल्लम्माला ओलांडून गेले. आज विचारा, म्हणतील असं काही घडलंच नाही. त्यांचा फोटो अजून बोर्डावर आहे. तो दिसला की माझी तळपायाची आग मस्तकात जाते.

पाऊण तासानं लाईट आली. आत्यानं सगळ्या वायरी परत जोडल्या आणि मशीन चालू केलं. नीट बंद न झाल्यामुळं ते आपोआप डिस्क तपासायला लागलं. निळी स्क्रीन आली. शेवटी त्यावर लिहून आलं की कुठल्याच फाईलचे नसलेले काही तुकडे सापडले आहेत. ठेवायचे का?

आत्यानं हो म्हटलं.

एकच फाईल तयार झाली. उघडली तर नुसती वेडीवाकडी अक्षरं. तिनं मराठी फॉन्ट लावला...

*प्रश्न १४. वर्षाराणी जत्रेत ४८ फुगे घेऊन निघाली. वाटेत भेटलेल्या प्रत्येक मुलाला तिने ३ फुगे दिले...*

आत्या हुंदके देऊन रडली. मग पुढचं वाचलं आणि रडायची थांबली.

*प्रश्न १५. सौदामिनीने एका दुपारी सर्व गाव पुसले. एका नावासाठी एक घर शोधावे लागते. तर सर्व नावे परत लिहिण्यास तिला किती वर्षे लागतील?*

हा प्रश्न तिनं कधीच टाईप केला नव्हता.

"मी तर वाचवायला निघाले होते!" ती रिकाम्या ऑफिसात ओरडली. "माझ्यावर कशाला राग?"



तिनं चौदावा प्रश्न छापला आणि खाली जाऊन मल्लम्माला वाचून दाखवला. मल्लम्माला वाचता येत नव्हतं. तिनं विचारलं, "नाव कुठं हाय?" आत्यानं बोट ठेवलं. त्या जागेवर मल्लम्मा अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, "बाकीचं गाव?"



सिद्धेश्वर संध्याकाळी आला. त्यानं दोन दिवस डिस्क चाळली. बाकी काही मिळालं नाही. आणि पुसलेली फाईल अशी तुकडा होऊन वर येत नसते, असं तो आजही शपथेवर सांगतो.

आत्यानं ती नोकरी सोडली. तेव्हापासून दर रविवारी ती लातूरहून जीपनं किल्लारीकडं जाते. घरोघर विचारते, तुमच्याकडचं कोण गेलं? नाव काय? काय करायचे? घरी येऊन त्यांची गणितं लिहिते. काही दारं बंद झाली आहेत, काही माणसं सांगायच्या आधीच गेली. गावात किती नावं होती ते सरांनी लिहिलंच नाही.

"आकडाच दिला न्हाई रे," आत्या म्हणते. "म्हाताऱ्यानं मुद्दाम दिला न्हाई."

गेल्या दिवाळीत मी नांदेडहून तिच्याकडं गेलो होतो. तिचा कॉम्प्युटर फार रखडत चालत होता. मी सहज म्हणालो, "आत्या, डिफ्रॅग करून देऊ का?"

तिनं माझ्या हातावर फाडकन मारलं. बासष्ट वर्षांची बाई, पण हात लाल झाला.

मी काही बोलणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून आवाज आला. त्या खोलीत कोणी नव्हतं. फळा तर त्या घरात कधीच नव्हता.

टक... टक.

आत्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. चष्मा लावला, कीबोर्ड पुढं ओढला.

"हाव सर," ती चिडूनच म्हणाली, "लिहायलेय ना!"